लघवीचा त्रास : लपवू नका, वेळेत सांगा

दिल्लीकडे येणाऱ्या रेल्वेगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या मोठ्या मोठ्या जाहिराती दिसतात. 'गुप्तरोग', 'शर्तिया इलाज', खाली एखाद्या हकिमाचा फोन नंबर. वर्षानुवर्षं या भिंती एकच गोष्ट शिकवत आल्या आहेत, ती म्हणजे कमरेखालचा कोणताही त्रास हा गुपचूप सांगायचा आणि गुपचूप बरा करायचा असतो.

वास्तविक मूत्रपिंड, मूत्राशय, मूत्रमार्ग आणि पुरुषांमधली प्रोस्टेट ग्रंथी हे हृदय किंवा पोटासारखेच शरीराचे अवयव आहेत. त्यांचे तज्ज्ञ डॉक्टर असतात, त्यांना युरोलॉजिस्ट म्हणतात. यातले बहुतेक आजार साध्या तपासण्यांनी ओळखता येतात आणि वेळेत ओळखले तर आटोक्यातही राहतात. अडतं ते एकाच ठिकाणी. रुग्ण बोलत नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात नोकरीसाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये ही अडचण दुप्पट होते. गावाकडचे आईवडील मुलाकडे राहायला येतात. इथे डॉक्टर हिंदीत विचारतात, "क्या तकलीफ है?" शेजारी मुलगा किंवा सून दुभाषी म्हणून बसलेली असते. चार दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय, रात्री सहा वेळा उठावं लागतंय, हे मुलासमोर कसं सांगायचं? मग आई म्हणते, "काही नाही, जरा कणकण आहे." डॉक्टर कणकणीचं औषध देतात आणि खरा आजार तसाच राहतो.

आधी शब्द जुळवा

आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो, पण दिल्लीतल्या डॉक्टरला त्यातून काहीच बोध होत नाही. तिथे 'पेशाब में जलन' म्हणावं लागतं. आपला 'मुतखडा' म्हणजे तिथली 'पथरी'. 'लघवी तुंबली' म्हणजे 'पेशाब रुक गया'. 'पोटात कळ येते' म्हटलं तर समोरच्याला 'कल' म्हणजे काल किंवा उद्या असं काहीतरी ऐकू येतं. तिथे 'रुक रुक के तेज दर्द' म्हणायला हवं. 'थेंब थेंब होते' हे 'बूंद बूंद आता है' होतं.

घरातल्या ज्येष्ठांना हे चार-पाच शब्द शिकवून ठेवा किंवा मोबाइलमध्ये लिहून द्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याआधी त्रास कागदावर लिहून काढायचा. कधीपासून आहे, दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा, जळजळ आहे का, रक्त दिसलं का, ताप आला का, कोणती औषधं चालू आहेत, मधुमेह आहे का. हा कागद डॉक्टरांच्या हातात दिला की मुलासमोर बोलण्याचा संकोच राहत नाही. आई एकटीनेच डॉक्टरांशी बोलू इच्छित असेल तर मुलाने पाच मिनिटं बाहेर थांबावं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

निदान कसं होतं?

लघवीच्या तपासण्यांची भीती बऱ्याच जणांना असते. प्रत्यक्षात सुरुवात अगदी साधी असते.

लघवीची साधी तपासणी : पू-पेशी, रक्त, साखर, प्रथिनं आहेत का हे कळतं. नमुना देताना आधी जागा स्वच्छ धुवायची, पहिली धार सोडून द्यायची आणि मधल्या धारेची लघवी डबीत घ्यायची. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवा. दिल्लीच्या उन्हात तो गाडीत तसाच राहिला तर जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो.

कल्चर : नेमका कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे यातून समजतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. हा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा असतो.

सोनोग्राफी : खडा, मूत्रपिंडाला आलेली सूज, प्रोस्टेटचा आकार आणि लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते, हे सगळं यात दिसतं. दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही.

लघवीची डायरी : ही तपासणी घरीच होते आणि फुकट होते. तीन दिवस किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात किती मिली भरली, कधी गळती झाली याची नोंद ठेवायची. रात्री वारंवार उठणाऱ्या माणसाचं मूत्राशय लहान झालंय की शरीर रात्री जास्त लघवी तयार करतंय, हे या वहीतून बऱ्याचदा उलगडतं.

युरोलॉजिस्ट आणि नेफ्रोलॉजिस्ट यांत गोंधळ होतो. ढोबळमानाने सांगायचं तर मूत्रपिंडाचं काम मंदावणं, क्रिएटिनिन वाढणं, डायलिसिस हे नेफ्रोलॉजिस्टचं क्षेत्र. खडा, प्रोस्टेट, लघवीतला अडथळा, गळती, रक्त आणि लागणाऱ्या शस्त्रक्रिया हे युरोलॉजिस्टचं.

उन्हाळी की संसर्ग?

दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाम खूप जातो, पाणी कमी पडतं, लघवी गडद होते आणि जळजळते. पुरेसं पाणी, ताक, वाळ्याचं पाणी घेतल्यावर एका दिवसात आराम पडला तर ती साधी उन्हाळी. पण जळजळीसोबत पुन्हा पुन्हा घाई होत असेल, प्रत्येक वेळी थोडीशीच होत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवी गढूळ किंवा लालसर असेल तर तो संसर्ग असण्याची शक्यता जास्त आहे. धण्याचं पाणी पीत आठवडा काढू नका.

साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. कारण शरीररचनेत आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, तर पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटरचा असतो. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू तेवढं छोटं अंतर सहज पार करतो. यात चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा संबंध जोडणं चुकीचं आहे. लग्नानंतर नव्या नवरीला हा त्रास झाला की घरात कुजबुज सुरू होते. शरीरसंबंधानंतर जंतू वर सरकण्याची शक्यता वाढते, इतकाच त्याचा अर्थ. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं आणि भरपूर पाणी प्यावं.

पाळी थांबल्यानंतर योनीमार्गाची त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यामुळेही संसर्ग वारंवार होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचं क्रीम लावल्यास बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो. साठीच्या आईला हे कुणी सांगतच नाही आणि ती 'वयच झालं' म्हणून सोसत राहते.

मेडिकलच्या दुकानातून मागच्या वेळचीच गोळी आणणं आणि बरं वाटताच ती बंद करणं या दोन सवयी महागात पडतात. जंतू औषधाला सरावतात आणि पुढच्या वेळी साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. रिपोर्टमध्ये जंतू दिसले, पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना औषधाची गरज नसते. गर्भवती मात्र याला अपवाद. त्यांच्यात काही लक्षण नसतानाही संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो, म्हणून तपासणी आणि उपचार दोन्ही आवश्यक.

मुतखडा : दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नाही

कुशीतून निघून जांघेपर्यंत जाणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ एकदा आली की विसरता येत नाही. उत्तर आणि पश्चिम भारतातल्या उष्ण, कोरड्या पट्ट्यात मुतखड्याचे रुग्ण खूप आढळतात. पाणी कमी, घाम जास्त, लघवी दाट आणि मग त्यातले क्षार एकत्र येऊन खडा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात.

५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. डॉक्टर वेदनाशामक आणि खडा सरकायला मदत करणारं औषध देतात. मोठा असेल तर लहरींनी फोडणं, दुर्बिणीतून लेझरने फोडणं किंवा पाठीतून छोटं छिद्र करून काढणं असे पर्याय आहेत. खडा कुठे आहे आणि किती मोठा आहे यावर पद्धत ठरते. नेमकं चित्र सीटी स्कॅनमध्ये दिसतं. गर्भवतींमध्ये मात्र सोनोग्राफीलाच प्राधान्य देतात.

यात एक धोका फारसा कुणी सांगत नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं गृहीत धरलं जातं. कधी कधी खडा मूत्रवाहिनीत तसाच अडकलेला राहतो, दुखणं मात्र कमी होतं. मागे लघवी साचत राहते आणि काही महिन्यांत ते मूत्रपिंड मुक्याने निकामी होऊ शकतं. म्हणून दुखणं थांबलं तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची सोनोग्राफी चुकवू नका.

आता काही समजुती तपासू.

'कॅल्शियमचे खडे, मग दूध-दही बंद.' उलट आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवतं. अळूचं फदफदं किंवा पालकाची भाजी रोज भरपूर खाऊ नये, पण कधी खाल्ली तर सोबत दही किंवा ताक घ्यावं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

'टोमॅटोच्या बियांनी खडा होतो.' असं काही नाही. खरा शत्रू मीठ आहे. लोणचं, पापड, फरसाण आणि पाकिटातली नमकीन कमी करा.

'नोएडा-गुरुग्रामचं पाणी खारं म्हणून खडे होतात, आरओ बसवलं की झालं.' पाणी किती जड आहे यापेक्षा तुम्ही किती पिता हे जास्त महत्त्वाचं. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्यायचं असतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की समजा बरोबर चाललंय. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

'बिअर प्या, खडा पडेल.' बिअरने लघवी वाढते, खडा विरघळत नाही आणि नंतर शरीरातलं पाणी कमीच होतं. लिंबूपाणी घ्या. लिंबातलं सायट्रेट खडे बनण्याला अडथळा करतं. त्यात मीठ-साखर मात्र भरभरून घालू नका.

तोंडाने पोटाला चोखून खडा काढून दाखवणारे भोंदू आजही गावोगावी सापडतात. तोंडात आधीच ठेवलेला खडा काढून दाखवण्यापलीकडे त्यात काही नसतं. मूत्रपिंड आणि त्वचा यांच्यात स्नायूंचा जाड थर असतो, तिथून खडा चोखून निघत नाही.

बाबा रात्री चार वेळा उठतात

पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी हळूहळू वाढते. अक्रोडाएवढी असलेली ही ग्रंथी मूत्रमार्गाभोवती असते, त्यामुळे ती वाढली की वाट अरुंद होते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब होत राहते, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. केस पिकण्याइतकी ही सामान्य गोष्ट आहे आणि हा कर्करोग नव्हे.

किती त्रास आहे हे मोजायला डॉक्टर ७ प्रश्नांची यादी वापरतात. एकूण गुण ३५. सातपर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० किंवा त्याहून जास्त तीव्र. सोबत सोनोग्राफी, लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी आणि पीएसए ही रक्ततपासणी केली जाते. पीएसए वाढलं की घरात रडारड सुरू होते, पण ते संसर्गाने किंवा साध्या वाढीनेही वाढतं. पुढे काय करायचं हे डॉक्टर ठरवतात.

सौम्य त्रासात झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी-चहा कमी करणं पुरतं. त्यापुढे औषधं आहेत. काही गोळ्यांचा परिणाम थोड्या दिवसांत दिसतो, तर ग्रंथी लहान करणाऱ्या गोळ्यांना सहा महिने लागू शकतात. 'महिनाभर घेतली, फरक नाही' म्हणून सोडू नका. गरज पडल्यास दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते, पोटावर टाका येत नाही.

दिल्लीच्या थंडीत एक काळजी जरूर घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांमुळे प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक पूर्ण बंद होऊ शकते. बाबांसाठी दुकानातून परस्पर सर्दीची गोळी आणू नका.

हसताना, शिंकताना गळती

बाळंतपणानंतर किंवा पाळी थांबल्यावर हसलं, शिंकलं, जड उचललं की थोडी लघवी निसटते. अनेकजणी लग्नसमारंभ, प्रवास, सकाळचं फिरणं सोडून देतात, पण बोलत नाहीत. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. स्वयंपाक करताना, मेट्रोत बसल्या बसल्याही होतात. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. फरक दिसायला तीन महिने तरी द्या.

अचानक घाई होऊन बाथरूमपर्यंत पोहोचता येत नसेल तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात चहा-कॉफी कमी करणं, लघवीला जाण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू लांबवत नेणं आणि गरजेनुसार औषध उपयोगी पडतं.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना ओरडू नका

पाच वर्षांपर्यंत झोपेत लघवी होणं सामान्य आहे. त्यानंतरही बऱ्याच मुलांना हा त्रास राहतो आणि दरवर्षी त्यातल्या काहींचा आपोआप थांबतो. मूल हे मुद्दाम करत नाही. मारणं, पाहुण्यांसमोर चिडवणं यांनी त्रास वाढतोच. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरं करा. अनेक महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, खूप पाणी पिऊ लागलं तर साखर तपासून घ्या.

पाणी न पिण्यामागचं खरं कारण

'भरपूर पाणी प्या' हा सल्ला देणं सोपं. पण करोल बागेत खरेदीला निघालेली बाई, दिवसभर उभी राहणारी सेल्सगर्ल, गलिच्छ स्वच्छतागृहाच्या शाळेत शिकणारी मुलगी पाणी का पीत नाही? जायला जागा नाही म्हणून.

हा प्रश्न मराठी बायकांनी खूप आधी उचलला. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. दिल्लीत त्या वेळच्या दक्षिण दिल्ली महापालिकेने १ एप्रिल २०१७ पासून हॉटेल-रेस्टॉरंटची स्वच्छतागृहं सर्वांसाठी खुली करायला सांगितलं आणि त्यासाठी ५ रुपयांपर्यंत शुल्काची मुभा दिली. तेव्हा गरज असेल तर हॉटेलात शिरून विचारायला लाजू नका. मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिली धरतं. तासन् तास रोखून धरण्याची सवय संसर्गाला आमंत्रण देते.

इथे थांबू नका

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.

• लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या
• खड्याची कळ आणि सोबत ताप
• लघवी पूर्ण बंद होणं, ओटीपोट फुगणं
• लहान मुलाला किंवा तरुणाला वृषणात अचानक असह्य दुखणं. यात पीळ पडलेला असल्यास काही तासच हातात असतात
• ज्येष्ठ व्यक्तीला संसर्गात एकाएकी भ्रम होणं, सुस्ती येणं

आणि एक गोष्ट, जी तातडीची वाटत नाही म्हणूनच जास्त फसवते. न दुखता लघवीतून रक्त जाणं. एकदाच झालं आणि थांबलं तरी युरोलॉजिस्टला दाखवा. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आठवा, पण तेवढ्यावर विषय संपवू नका. तंबाखूचा धूर हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाबांनी 'उष्णता झाली' म्हणून हे लपवलं तर मौल्यवान महिने वाया जातात.

खर्चाची धास्ती असेल तर एम्स आणि समोरचं सफदरजंग या दोन्ही सरकारी रुग्णालयांत युरोलॉजी विभाग आहेत आणि ओपीडीची वेळ ऑनलाइन घेता येते. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. २०२५ पासून दिल्लीही या योजनेत आली आहे. आईबाबांचं कार्ड काढून ठेवा.

घरी आज एवढंच करा. जेवताना सहज विचारा, "आई, रात्री किती वेळा उठतेस? बाबा, धार नीट होते ना?" पहिल्यांदा दोघंही टाळतील, विषय बदलतील. दुसऱ्यांदा विचारा. ज्या घरात गुडघेदुखी आणि बीपीइतक्याच सहजपणे लघवीबद्दल बोललं जातं, त्या घरातला आजार डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचतो.